दुसरं वाचन

बाई, तुमचा पुतळा होतोय. अर्धाकृती, ब्राँझचा, आणि त्यात तुम्ही हसताय. मातीचा नमुना मी पाहून आले. मी म्हटलं, अहो, बाई अशा हसत नसत; त्या हसल्या की समोरच्याला घाम फुटायचा. तर शिल्पकार म्हणाला, "मॅडम, लोकांना प्रसन्न चेहरा लागतो." अठरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन आणि तेवढ्यात तुमचा चेहरा लोकांच्या सोयीचा करून झाला. पत्रिकेत तुमच्या नावाआधी 'रणरागिणी' छापलंय आणि नावानंतर 'कष्टकऱ्यांची माउली'. कुणी माउली म्हटलं की तुम्ही विचारायचात, "मी तुम्हाला जेवायला कधी वाढलं?" ते आता कुणाच्या लक्षात नाही. माझ्या आहे, पण मला कोण विचारतंय. आणि विचारलं तेव्हा मी काय दिवे लावले, तेच सांगायला बसले आहे.

पुतळा बसणार कुठे ते आधी ऐका. धान्यबाजारात गोदामांच्या मागच्या अंगाला तुम्ही नगरसेविका असताना भांडून बांधून घेतलेलं विश्रांतिगृह आठवतं ना? आठवत नसेल तर कमाल आहे, चार वर्षं तुम्ही दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हतात. दोन संडास, एक मोरी, बायकांना पाठ टेकायला एक खोली आणि तान्ह्या पोरांच्या झोळ्या टांगायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी पाइप. ते पाडून तिथे तुमचं स्मृतिभवन होणार आहे. आत पुतळा, भिंतींवर तुमचे फोटो, वरच्या मजल्यावर 'महिला सक्षमीकरण दालन'. गोदामांत आजही बायका धान्य चाळतात, पाखडतात, खडे निवडतात. यंत्रं आली, पण यंत्राला जमत नाही ते शेवटी बायकांच्याच सुपात येतं. त्या बायकांना सक्षम करायचं म्हणून त्यांचा संडास पाडायचा. हे मी बोलून दाखवलं की लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता. बरं, या सगळ्याला आपल्या संघटनेचं ना-हरकत पत्र आहे. ती जागा चालवायला संघटनेकडे दिलेली, म्हणून आमची हरकत नाही असं लेखी लागत होतं. तुमच्यामागे चिटणीस मीच आहे. पत्रावर सही माझी आहे.

आता तुम्ही विचाराल, "दोन वाचनं झाली होती का?" विचाराच. तुमच्या त्या दोन वाचनांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लं. संघटनेच्या नावाने कुठलाही कागद बाहेर जायचा असला, करार असो, अर्ज असो, नाहीतर नळाला पाणी येत नाही अशी साधी तक्रार असो, तो सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचायचा. वाचला की लगेच सही नाही, अंगठा नाही. सगळ्यांनी घरी जायचं. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, आणि मग एका बाईने उठून त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं. ती बाई तुम्ही निवडणार, आणि नेमकी जी डुलक्या घेत असेल तीच. मग सही. व्यापारी वैतागायचे, वकील वैतागायचे, तुमच्याच पक्षाचे लोक म्हणायचे की एवढ्या वेळात विधानसभेत कायदा होतो. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "बायकांना प्रश्न सभेत सुचत नाहीत. घरी भाकरी थापताना सुचतात. तेवढा वेळ त्यांना मिळायला हवा." बोलायला तुमचं काय जात होतं? वाचून घसा माझा बसायचा.

त्या वाचनापायीच तर मी तुमच्या तावडीत सापडले. सदाशिव पेठेतलं आपलं ऑफिस, पहिल्या मजल्यावर, खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, जिन्यात बायकांच्या चपलांचा खच. घरमालकांनी पाटी लावलेली असते, 'चपला नीट लावाव्यात. ही धर्मशाळा नव्हे.' आणि तिच्याखाली तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं, 'हे कळवल्याबद्दल आभार. भाडे भरताना आम्हालाही तीच शंका येते.' मी एकोणीस वर्षांची आहे. माझी आई गोदामात पाखडायला जाते, तिच्या केसांत कायम भुसा असतो आणि छातीत खोकला. ती मला पुढे ढकलते. "बाई, हिला वाचाया येतंय. बारावी झालीया. घरात नुसती गोष्टीची पुस्तकं वाचत बसती, जरा कामाचं कायतरी वाचू द्या." तुम्ही मान वर न करता एक कागद पुढे सरकवता. मी घडाघडा वाचून दाखवते, शाळेत धडा वाचावा तसा. तुम्ही म्हणता, "गाडी चुकत नाहीये. पुन्हा." तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं आणि तुम्ही आईला सांगता, "उद्यापासून दहाला पाठवा."

आणि तो पाळणाघराचा करार. तेव्हा विश्रांतिगृह नव्हतं, बायका पोरांना गोण्यांच्या थप्पीआड निजवायच्या. वर्षभर तुम्ही व्यापाऱ्यांच्या मागे लागलात तेव्हा एका गोदामाचा कोपरा पोरांसाठी द्यायला ते कबूल झाले. करार टाइप होऊन आला. पहिलं वाचन मी केलं, न अडखळता. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी आपली खूश. दुसऱ्या दिवशी वाचायला उभी राहते तोच मागून एक बाई उठली. ती आधी कधी सभेत बोललेली नव्हती. "काल भाकरी थापताना माज्या मनात आलं," ती म्हणाली, "त्या कागदात म्हणलंय, पोरांची सोय हंगामापुरती. आमची पोरं काय हंगामापुरती हाईत व्हय? सुगी सरली की पुन्यांदा पोटात घालायची का?" खोलीत आधी हशा झाला आणि मग कुणीच हसेना. तो शब्द कागदावर होता. मी आदल्या दिवशी स्वतःच्या तोंडाने वाचला होता आणि मला तो ऐकूच आला नव्हता. व्यापाऱ्यांचा माणूस म्हणाला, अहो, ही नुसती भाषा असते. तुम्ही म्हणालात, "मग काढा. नुसती भाषाच तर आहे." शब्द निघाला. सगळ्या गेल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मला वाटलं, चुकतं माणूस, असं काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, "एवढ्या बायका तुझ्या तोंडाकडे बघून सही करणार होत्या. तुला वाचताना स्वतःला ऐकू येत नसेल तर गोष्टीची पुस्तकं वाच, माझं काही म्हणणं नाही." मी आठ दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. तुमच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण तुम्ही सगळ्यांशीच कामापुरतं बोलत होतात.

लक्षात आलं ते दुसरंच. मी कागद हात लांब करून धरते हे तुम्ही पाहिलंत. लांबचं मला लख्ख दिसायचं, जवळचं गढूळ, आणि अर्धे शब्द मी अंदाजाने वाचायची. सगळ्यांना तसंच दिसत असेल अशी माझी समजूत होती. तुम्ही मला लक्ष्मी रोडवरच्या एका चष्मेवाल्याकडे घेऊन गेलात, वाटेत अवाक्षर बोलला नाहीत आणि जाड तपकिरी फ्रेमचा चष्मा माझ्या नाकावर ठेवून वर्तमानपत्र पुढे धरलंत. छोट्या जाहिरातींतली अक्षरंसुद्धा उभी राहिली. मी वेड्यासारखी ती जाहिरात वाचत सुटले, जुनी शिलाई मशीन विकणे आहे. आईने घरी डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आली, "बाई, आता चष्म्याची पोरगी कोण करून घेईल?" तुम्ही म्हणालात, "चष्म्याशिवाय ती ज्याला पसंत करेल तो कसा निघेल, त्याची काळजी करा." आयुष्यात तुम्ही मला दिलेली ती एकच वस्तू. त्यानंतर सात-आठ चष्मे बदलले असतील, पण त्यातला प्रत्येक मला तुमचाच वाटत आलाय. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगायची सोय नव्हती, तुम्ही विषय बदलला असता.

तुमच्याबद्दल भाषणं करणाऱ्यांना तुम्ही किती त्रासदायक होतात हे कुणीतरी सांगायला हवं. माझ्या लग्नाच्या पाचव्या दिवशी तुमचा निरोप आला, करार आलाय, वाचायला ये. सासूबाई म्हणाल्या, "या बाईंना घरदार आहे की नाही?" नव्हतंच म्हणा. ऑफिसच्या दाराबाहेर तुम्ही एक बाकडं टाकलेलं होतं, नवऱ्यांसाठी. बायकोच्या कामाला आलेला नवरा आत येऊन बोलायला लागला की तुम्ही म्हणायचात, "काम यांचं आहे ना? मग ह्या बोलतील. आपण बाकावर बसा, चहा तिथे मिळेल." एकदा एक पोलीस पाटील बसला होता तिथे, पुण्यातले एक प्राध्यापकही बसले होते. आणि सभेतला चहा पुरुष कार्यकर्त्यांनी करायचा हा दुसरा नियम. काय तो चहा! बायका म्हणायच्या, समानता हाय ती ठीक हाय, पर साखर कुणी घालायची ते तरी ठरवा. तुम्हाला विनोद कळायचा नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करायचात.

पण ताकाचा दिवस मी विसरणार नाही. विश्रांतिगृहाची फाइल चार वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, शेरा एकच, 'गरज तपासावी'. तुम्ही महापालिकेच्या समितीच्या साहेबांना जागा बघायला बोलावलंत, भर उन्हाळ्यात, सकाळी अकराला. स्वागताला ताक. मग गोदाम दाखवलंत, मग पुन्हा ताक. मग बायकांची गाऱ्हाणी, एकेक करून, सावकाश, आणि प्रत्येकीच्या हातून एकेक भांडं ताक, कारण नाही म्हटलं तर बाईला वाईट वाटेल. दीडच्या सुमाराला साहेब लोक चुळबुळ करायला लागले. एकाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, इथे जवळपास... मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, "नाही हो, इथे तशी सोय नाही. पुरुषमंडळी त्या भिंतीमागे जातात." आणि त्या भिंतीला लागून आपल्या बायका सूप घेऊन ओळीने बसलेल्या, एकही जागची हलेना. माझी आई सगळ्यात पुढे. तीनला त्यांना गाडीत बसवताना तुम्ही इतकंच म्हणालात, "या बायका सकाळी आठला येतात आणि सहाला जातात." पुढच्याच महिन्यात फाइल मंजूर होऊन आली. मी त्या दिवशी गोदामाच्या मागे जाऊन पोट धरून हसले होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही ताकाच्या घागरी कुणाकडून आणल्या होत्या त्यांना त्या परत गेल्या का, ते विचारत होतात.

मग तुम्ही आमदार झालात. एकदाच. समान कामाला समान मजुरी यावर तुम्ही बोलायला उठलात की सभागृह चहाला जायचं, असं तुम्हीच सांगायचात. पक्षाने तुम्हाला महिला आघाडी सांभाळा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "आणि पुरुष आघाडी कोण सांभाळतंय?" दुसऱ्या निवडणुकीत सगळे सांगत होते, हळदीकुंकू ठेवा, वाण म्हणून स्टीलचे डबे वाटा, समोरचा वाटतोय. तुम्ही नाही वाटलेत. विधवांना ज्या समारंभात बोलावत नाहीत तिथे मी मतं मागायला जाणार नाही, म्हणालात, आणि सपाटून पडलात. मला इतका राग आला होता तुमचा! चार डबे वाटले असते तर काय बिघडलं असतं? निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा आले, तुम्ही घरीच असाल असं वाटून. तुम्ही दहाच्या ठोक्याला खुर्चीत होतात आणि समोर पाणीपट्टीच्या तक्रारीचा अर्ज होता. "वाच," म्हणालात. "मी पडलेय, नळ नाही पडला." त्या दिवशी मी वाचताना रडले आणि तुम्ही ते दुरुस्त केलं नाहीत.

एवढं सगळं मला पाठ आहे, बाई. म्हणूनच पुढचं सांगताना जीव जातोय. सध्याच्या आपल्या वॉर्डाच्या नगरसेविका तरुण आहेत, शिकलेल्या आहेत, दिसायलाही हुशार दिसतात. प्रत्यक्ष आहेत की नाहीत हे मला अजून कळायचंय, कारण बोलतात त्यांचे यजमान. त्यांच्या फोनवर फोन केला तरी यजमानच उचलतात. दोघं ऑफिसात आले, ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्या कडेच्या स्टुलावर. "आमच्या मिसेसची इच्छा अशी आहे," ते म्हणाले, "की बाईंचं भव्य स्मारक झालं पाहिजे." मिसेस मान डोलावत होत्या. तुमचं बाकडं बाहेर होतं. अजून आहे, एक पाय बदललाय. मी त्यांना बाकावर बसा म्हटलं नाही. मी चहा मागवला, आणि तो मीच कपांत ओतला. त्यांनी टॅबलेटवर चित्रं दाखवली, काचा, कारंजं, पुतळ्यावर वरून प्रकाश. मला भरून आलं. कुणीतरी तुमची आठवण ठेवतंय याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की त्या चित्रात झोळ्यांचा पाइप कुठे आहे हे विचारायचं सुचलं नाही. मग ते म्हणाले, स्मारकाच्या घोषणेच्या कार्यक्रमात आपलाही सत्कार करायचाय, बेचाळीस वर्षं म्हणजे काय गंमत आहे. मी नको नको म्हटलं. किती वेळा म्हटलं ते तुम्ही विचारू नका.

कार्यक्रम कोथरूडला, एका सभागृहात. शाल, श्रीफळ, काचेचं सन्मानचिन्ह. निवेदिकेने मला 'बाईंची सावली' म्हटलं. मंचावरच यजमानांनी फाइल पुढे केली. "मॅडम, एवढी एक सही. फॉर्मॅलिटी आहे. लोकांसमोर झाली की छान दिसेल." मी सही केली. शाल खांद्यावरून घसरत होती, एका हातात नारळ होता, खाली लोक टाळ्या वाजवत होते. हे सगळं खरं आहे.

तीन आठवड्यांनी विश्रांतिगृहाच्या दारावर कागद चिकटला, महिनाअखेर जागा रिकामी करावी. दोघीजणी ऑफिसला आल्या, त्यातली एक नव्याने बाळंत झालेली, पोर छातीशी धरलेलं. तिने विचारलं, "मोठ्या बाईंचं घर बांधत्यात म्हनं तितं. चांगलं हाय. मग आमी कुटं जायाचं?" मी त्या दिवशी ते पत्र मागवून घेतलं आणि वाचलं. पहिल्यांदा. 'सदर जागेचा विद्यमान वापर बांधकाम पूर्ण होईपर्यंत स्थगित राहील व तदनंतर उपलब्धतेनुसार फेरविचार करण्यात येईल.' उपलब्धतेनुसार. त्या 'हंगामापुरती'चाच भाऊ हा, बाई. फक्त जरा शिकून आलेला.

वकीलसाहेबांकडे गेले. पूर्वीच्या वकिलांचा मुलगा, तोही आता टक्कल पडलेला. त्याने आपल्या संघटनेची घटना काढली आणि तुमचं कलम माझ्यासमोर ठेवलं, दोन वाचनं झाल्याशिवाय चिटणिसाने केलेली सही संघटनेवर बंधनकारक नाही. ते कलम तुम्ही घातलंत तेव्हा मला फार लागलं होतं. चिटणिसावर एवढाही भरवसा नाही का, असं मी विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "तुझ्यावर आहे. तुझ्या खुर्चीवर नाही." वकील म्हणाला, "दोन वाचनं घ्या, ठराव करा, आणि सोबत तुमचं निवेदन जोडा की तुम्ही सभासदांना न वाचून दाखवता, स्वतःही न वाचता सही केली होती. पत्र रद्द होईल, काम थांबेल." मी विचारलं, माझी फसवणूक झाली असं नाही का लिहिता येणार? तो म्हणाला, "येईल की. मग फसवणूक सिद्ध करावी लागेल. केस उभी राहीपर्यंत पुतळाही उभा राहिलेला असेल. झाली आहे का फसवणूक?" मी म्हटलं, बघते.

आज दुपारी दोनला, जेवणाच्या सुट्टीत, विश्रांतिगृहातच त्या ना-हरकत पत्राचं पहिलं वाचन घेतलं. बायका भिंतीला टेकून बसल्यात, तीन झोळ्या हलतायत, खाली कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास. मी चष्मा लावून सावकाश वाचते, प्रत्येक शब्द मला ऐकू येतोय, तुम्हाला हेच हवं होतं ना, घ्या. 'उपलब्धतेनुसार'ला मी थांबते आणि त्याचा अर्थ सांगते. एकजण म्हणते, "मंजी जमलं तर." दुसरी म्हणते, "मंजी न्हाई." मी पुढे वाचते, 'आपली विश्वासू' इथपर्यंत, आणि कागदाची घडी करते. तेवढ्यात ती लेकुरवाळी विचारते, "खाली सही कुणाची हाय?" मी म्हणते, "संघटनेची." मग आईच्या वेळची एकच म्हातारी उरलीय, ताकाच्या दिवशी त्या भिंतीला बसलेली, ती माझ्या वतीने बोलते. "ताईंची असंल. फसवून घेतली असंल मेल्यांनी, ताई न वाचता सही करतील व्हय?" सगळ्या हो हो म्हणतात. आणि मी मान हलवते. तोंडाने काही बोलले नाही, हे खरं. पण मान हलवली.

आता संध्याकाळ झालीय. गॅलरीत बसून लिहितेय, खाली सोसायटीची मुलं क्रिकेट खेळतायत आणि सेक्रेटरी त्यांच्यावर ओरडतायत. आमच्या ह्यांनी चहा आणून ठेवला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाईंना पत्र? उत्तर आलं तर सांग, मलाही दोन-तीन गोष्टी विचारायच्यात." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "उद्या काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, माहीत नाही. ते आत गेले. बाजारातल्या बायका आता घरी पोचल्या असतील, पिठं मळत असतील. त्यांच्यातल्या एकीला तरी आत्ता तव्यासमोर प्रश्न पडला असेल. म्हातारीलाच पडला असेल. ती फार हुशार आहे. मला तुमचा आणि तुमच्या त्या नियमाचा इतका संताप येतोय की काय सांगू. एका दिवसात ठराव झाला असता, मान हलवून निभावलं असतं.

उद्या दोनला दुसरं वाचन आहे. नियमाप्रमाणे शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, म्हणजे सहीसुद्धा. मग कुणीतरी उठून त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं. उद्या ते मीच सांगेन म्हणतेय. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र कुठे जायचं नाही, आणि जाऊही शकत नाही, कारण ते अजून एकदाच वाचून झालंय. म्हणून तुम्हाला आधी सांगून बघते, उद्या जीभ अडखळू नये म्हणून.

मला कुणी फसवलं नाही, बाई. चष्मा पर्समध्ये होता आणि पर्स मांडीवर. समोर फोटोग्राफर उभा होता आणि मला वाटलं, एवढी भारी पैठणी नेसलेय, चष्म्यात फोटो बरा येणार नाही. फोटो त्यांनी फ्रेम करून घरी पाठवलाय, ह्यांनी हॉलमध्ये लावलाय. चांगला आलाय. हातात पेन आहे, मान खाली आहे, आणि बघणाऱ्याला वाटतं की मी कागद अगदी नीट वाचतेय. मला तेव्हा त्यावरचं एकही अक्षर दिसत नव्हतं.